चतुर्थीचे बटाटे

ओकव्हिल
१७ सप्टेंबर २०१०

चि. पुष्कर,

'चि.' लिहिलं आहे ते सवयीने. त्यापुढे आशीर्वाद लिहायची पद्धत असते, ती आज मी पाळत नाही. विमानतळावर तू नमस्काराला वाकलास तेव्हाही मी हात वर केला नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

सुखरूप पोहोचले. अस्मिता न्यायला आली होती. मी पोहोचेपर्यंत तू तिला तीनदा फोन केलास म्हणे. मला फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच 'आई, ऐक ना' सुरू करतोस आणि मला बोलायचं ते राहून जातं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी राईचा पर्वत करते असं तू माधवीला म्हणालास. तेव्हा जे घडलं तेच लिहिते, वर काही घालत नाही.

२८ ऑगस्टचा शनिवार. तुम्ही दोघं व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामहून आठवडाभर इथे अस्मिताकडे आला होतात आणि लेक ह्युरॉन बघायचं टुमणं तूच लावलंस. त्या दिवशी संकष्टी होती. माझ्या वरईचा डबा गाडीत ठेवायचं काम तुझ्याकडे होतं. डबा किचनच्या काउंटरवरच राहिला. सकाळचा चहा आणि एक केळं, एवढ्यावर मी तो सगळा किनारा तुमच्यामागे चालले. चार वाजता परत निघालो तेव्हा मला गरगरायला लागलं. इथल्या लंडन गावाच्या अलीकडे ते डच वस्तीचं गाव लागलं, दारात लाकडी बूट टांगलेलं ते दुकान दिसलं, आणि तूच म्हणालास, "आई, इथे बटाटे ताजे कापून तळून देतात. चतुर्थीला चालतील."

माझी काय बुद्धी चालणार त्या वेळी? बटाटा चालतो, एवढंच मला कळत होतं. शेजारच्या बाकावर एक गोरा म्हातारा बटाट्यांवर दाण्याचं काहीतरी दाटसर ओतून खात होता. उपासाला बटाटा आणि वर दाणे, हे बघून ही माणसं मला आपल्यातलीच वाटली. मी म्हटलं, मलाही ते दाण्याचं दे. तू म्हणालास, "नको, त्यात लसूण आहे." मला राग आला होता. पुष्कर, लसूण तुला बरोबर दिसली. चरबी तेवढी दिसली नाही.

मग तू आत काउंटरपाशी त्या बाईशी गप्पा मारत उभा राहिलास. मी बाहेर बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसले होते आणि माधवी बिचारी तिचं ते पोट सांभाळत माझ्यासाठी पाणी आणत होती. दोनदा मी तुला हाक मारली की गप्पा पुरे. अर्ध्या तासाने पांढऱ्या कागदाचा पुडा घेऊन आलास. मी विचारलं, कशात तळलेत रे? तू म्हणालास, "तेलात. खा तू."

मी खाल्ले. बोटाएवढे जाड, वरून कुरकुरीत, आत मऊ. दुसरा पुडाही मागितला. हे तू गणपतीच्या दिवशी सगळ्यांना सांगितलंसच.

आता तो दिवस. मी तुमच्याबरोबरच कोक्विटलामला आले होते. तुझ्या घरचा गणपती, अठरा माणसं जेवायला. मी मोदकांवर तूप सोडत होते. तुझ्या किचनला अर्धीच भिंत आहे हे तू विसरलास की तुला आठवणच ठेवायची नव्हती, ते तू जाणे. माझा आवाज काढून तू म्हणालास, "आमच्या मातोश्रींनी संकष्टीला काय खाल्लं माहितीये? गाईच्या चरबीत तळलेले फ्राइज. आणि वर म्हणते कशी, पुष्कर, अजून एक पुडा आण रे, बटाटाच आहे, चालतं."

अठराच्या अठरा हसले. तो तुझा ऑफिसातला उल्हास इतका हसला की त्याला ताट खाली ठेवावं लागलं. मग तो आत येऊन मला विचारतो, "काकू, हे मोदक तरी कशात तळलेत?" मी म्हटलं, उकडलेत. आणि त्याच्या पानात दोन वाढले. माझ्या हातून वाढायचं राहिलं नाही, एवढं मात्र मला स्वतःचं कौतुक वाटतं.

लोक काय खातात त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याचं त्याने बघावं. पण ही संकष्टी मी कशासाठी करते ते तुला ठाऊक आहे. तू चार वर्षांचा होतास, ताप मेंदूत गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या रात्री मी गणपतीला जे बोलले ते चौतीस वर्षं पाळलं. अस्मिताच्या वेळी बाळंतिणीच्या खाटेवर पाळलं, तुझे बाबा गेले त्या महिन्यात पाळलं. तुझ्या जिवासाठी केलेला उपास तूच बाटवलास आणि वर त्याची गंमत करून पाहुण्यांना वाढलीस.

म्हणून मी तिसऱ्या दिवशी बॅग भरली. माधवीच्या बाळंतपणाला मी येणार नाही. जयंतीताई नागपूरहून येत आहेत, त्या लेकीचं बघतील. माधवीवर माझा राग नाही हे तिला सांग. तिला आशीर्वाद.

शीला दीनानाथ आठल्ये


ओकव्हिल
२९ सप्टेंबर २०१०

पुष्कर,

तू पाठवलेली ई-मेल अस्मिताने छापून माझ्या हातात दिली. चांगली दोन पानं होती. मी ती न वाचता फाडली आणि रद्दीच्या निळ्या डब्यात टाकली. कागद आहे, वाया जायला नको. अस्मिता तोंड उघडून काहीतरी सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, पुष्करबद्दल एक शब्द काढलास तर मी पुण्याचं तिकीट काढीन. ती मुकाट्याने भांडी घासायला गेली. डिशवॉशर असताना हातांनी घासत होती.

माफीच मागायची होती ना? मग त्यासाठी दोन पानं कशाला लागतात?

या महिन्याची संकष्टी मी केली नाही. सकाळी आठ वाजता लोणी लावून टोस्ट खाल्ला. दुपारी भात, आमटी, वांग्याची भाजी. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. दिवसभर मी फोनजवळच्या खुर्चीत बसून होते, ते तिथे ऊन येतं म्हणून. संध्याकाळी अस्मिताने आपणहून कोक्विटलामला फोन केला आणि आपणहूनच मला सांगितलं की तुला सर्दी झाली आहे, बाकी ठीक आहे. मी विचारलं नव्हतं. आल्याचा काढा घे आणि ऑफिसात एसीच्या तोंडाशी बसू नकोस.

तुझी गोष्ट फार लांबवर पोहोचली बरं का. शनिवारी अस्मिताने मला मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. स्कारबरोहून आलेल्या एक बाई माझ्याकडे बघून शेजारणीच्या कानाला लागल्या, आणि मग अगदी गोड आवाजात मला म्हणाल्या, "अहो, व्हँकुव्हरला ते फ्राइजवालं झालं, त्या तुम्हीच का?" मी म्हटलं, हो, मीच. त्या म्हणाल्या, "चालायचंच हो, इथे आल्यावर सगळ्यांचं असंच होतं. आम्ही तर आता काहीच बघत नाही." त्यांच्या दृष्टीने तो दिलासा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीच बघत नाही अशी बाई नाही. मी बघते. त्या दिवशीही मी विचारलं होतं, आणि तू मला 'तेलात' म्हणून उत्तर दिलं होतंस.

तेवढंच मला खुपतं आहे. चुकून पोटात काही गेलं तर देवही समजून घेतो. पण विचारल्यावर खोटं सांगितलंस.

शीला दीनानाथ आठल्ये


ओकव्हिल
१२ ऑक्टोबर २०१०

पुष्कर,

जयंतीताई बाथरूममध्ये घसरल्या आणि पाय मोडला, तीन महिने त्यांना हलता येणार नाही, हे मला कळलं. माधवीचा फोन आला होता. तिचा फोन मी घेते. ती रडत होती. "आई, मला काहीच येत नाही हो, बाळाला अंघोळ कशी घालतात तेसुद्धा मी व्हिडिओत बघतेय," असं म्हणाली. तिने तुझं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. शहाणी मुलगी आहे. तुला कशी मिळाली कोण जाणे.

माझं उत्तर तेच आहे. ज्या घरात अठरा माणसांसमोर माझं हसं झालं, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही.

घरात डिंक आणला आहे तो अस्मितासाठी. तिची कंबर धरते. लाडू जरा जास्त झाले, डबा भरला. अळीव आणले तेही तिच्यासाठीच. माझ्या जुन्या सुती पातळाची चार दुपटी शिवून झाली आहेत. हात रिकामे राहिले की डोक्यात तेच तेच घोळतं, म्हणून शिवली. इथे कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

काल इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. जावईबापूंनी ऊर्मीला टेबलावर बसवून विचारलं, तू कशाबद्दल थँकफुल आहेस? ऊर्मी म्हणाली, "दॅट आजी इज हिअर." मग त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला कशाबद्दलच नाही, आणि ताट घेऊन उठले. सात वर्षांच्या मुलीसमोर असं वागायला नको होतं. हेही तुझ्यामुळेच.

मी एक ठरवलं आहे. तुझ्याशी मला बोलायचं नाही. पण त्या दुकानदार बाईशी बोलायचं आहे. चार पैसे मिळवायला दुकान मांडलंय, तर गिऱ्हाईक काय खातं ते त्याला सांगायला नको? मी इंग्रजी वाक्य तयार करून ठेवलं आहे: 'व्हाय यू डिड नॉट टेल मी?' अस्मिताने एकदा ऐकून 'व्हाय डिड यू' असं दुरुस्त केलं, आणि शनिवारी नेते म्हणाली. मला वाटलं होतं ही हजार कारणं सांगेल, दीड तासाचा रस्ता आहे, ग्रोसरी आहे, लॉन्ड्री आहे. पण एका शब्दाने तयार झाली. तिलाही तुझा राग आलेला दिसतो.

माधवीने पायाखाली उशी घेऊन झोपावं.

शीला दीनानाथ आठल्ये


ओकव्हिल
१६ ऑक्टोबर २०१०

पुष्कर,

आज त्या दुकानात जाऊन आले.

तुला काय म्हणावं ते मला सुचत नाही. गेल्या महिन्यात होता त्यापेक्षा जास्त राग आज आला आहे. उद्या दसरा आहे. सणाच्या दिवशी असलं पत्र लिहू नये, म्हणून सोमवारी लिहीन. तोवर माधवीला जड उचलू देऊ नकोस.

शी. दी. आठल्ये


ओकव्हिल
१८ ऑक्टोबर २०१०

पुष्कर,

दसरा झाला. आता ऐक.

शनिवारी अकराच्या सुमाराला पोहोचलो. मी निळी सिल्कची साडी नेसले होते, भांडायला जाताना नीट दिसावं म्हणून. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती बाई काउंटरमागे बटाटे सोलत होती. सत्तरीची असेल, पांढरे केस, दंड माझ्या मांडीएवढे. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं. माझं वाक्य सुरू व्हायच्या आधीच तिने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "यू! सो, डिड यू सी युवर मून?"

मला वाटलं मला नीट कळलं नाही. मी अस्मिताकडे बघितलं. अस्मिता म्हणाली, "त्या विचारतायत, त्या दिवशी चंद्र दिसला का."

तिला माझ्या चंद्राबद्दल काय माहीत? मी नुसती मान हलवली.

तिचं नाव ट्रूस. तिने एप्रनला हात पुसले आणि आम्हाला आत बोलावलं. मोठी कढई दाखवली, यंत्राची, दोन खणांची. तिच्यावर बैलाचं डोकं रंगवलेली पाटी आहे. माझ्या वडिलांच्या पद्धतीने बैलाच्या चरबीत तळतो, असं त्यावर लिहिलं आहे, अस्मिताने वाचून दाखवलं. म्हणजे बाईने काही लपवलं नव्हतं. मग तिने मागच्या बाजूची लहान कढई दाखवली. तिच्यावर चिकटपट्टी लावून 'व्हेज' लिहिलं आहे. त्यात सूर्यफुलाचं तेल असतं. ती रोज लागत नाही, कुणी मागितली तर तापवायची, आणि गार कढई तापायला वीस मिनिटं लागतात.

पुढचं तिने जे सांगितलं ते अस्मिता मला मराठीत सांगत होती, पण मला बरंचसं आधीच कळत होतं. त्या दिवशी तू आत गेलास, पाटी वाचलीस आणि तिला विचारलंस दुसरं काही आहे का. तिने कढई गार आहे म्हणून सांगितलं. तू म्हणालास थांबतो. मग म्हणालास, माझी आई सकाळपासून उपाशी आहे, चंद्र दिसेपर्यंत ती जेवत नाही. ट्रूसने विचारलं का, तर तू म्हणालास... हे मात्र तिने मला दोनदा सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून: "शी डझ इट फॉर मी. दॅट्स व्हॉट ही सेड."

तू तिला तळायची जाळी धुवायला लावलीस. मग पुन्हा धुवायला लावलीस. दाण्याच्या सॉसमध्ये काय काय आहे ते एक एक विचारलंस आणि लसूण निघाल्यावर तो नको म्हणालास. ती मला म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या कढयांची अशी तपासणी कुणी केली नाही, मला इतका राग आला की मी चिमटा तुझ्या मुलाच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच तळ." आणि तू तळलेस. आधी मंद आचेवर, मग काढून, मग पुन्हा कडक तेलात, तिने शिकवले तसे. दोन्ही पुडे तू तळलेस. मी बाहेरून 'गप्पा पुरे' म्हणून ओरडत होते तेव्हा तू घाणा काढत होतास.

मी तिथल्या स्टुलावर बसले. ट्रूसने न विचारता ती लहान कढई लावली. वीस मिनिटं आम्ही तिघी बसून होतो. मी मनातल्या मनात तुझ्यावर ओरडत होते. मग तिने पुडा आणून दिला आणि मी तो सगळा खाल्ला, अस्मितालाही एक उचलू दिला नाही. रागाच्या भरात माणूस इतकं खाऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

गाडीत अस्मिताने कबूल केलं की तिला हे सगळं ठाऊक होतं. मी फाडलेल्या दोन पानांत हेच लिहिलेलं होतं. तुझ्या घरीही गणपतीनंतर तू दोनदा माझ्या खोलीच्या दाराशी आलास, 'आई, तसं झालेलं नाही' म्हणालास, आणि मी दार उघडलं नाही. मला वाटलं सारवासारव करतो आहेस. तू खोटं सांगितलंस असं मी मागच्या एका पत्रात लिहिलं, ते चूक आहे. तू मला खरंच सांगितलं होतंस. माझं चुकलं. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

आता तुझं.

उल्हास हसला तेव्हा तुला एवढंच म्हणायचं होतं की, नाही रे, मी तिला दुसऱ्या तेलात तळून दिले. पण मग गंमत तिथेच संपली असती. मी वीस मिनिटं थांबलो, जाळी धुऊन घेतली, आईसाठी स्वतः बटाटे तळले, यात हसण्यासारखं काय आहे? म्हणून तू ते खिशात ठेवलंस आणि त्याच्या जागी चरबी घातलीस. पुष्कर, माणसं आपलं वाईट लपवतात आणि चांगलं मिरवतात. तू चांगलं लपवलंस आणि न केलेलं वाईट मिरवलंस. हे मी तुला कधी शिकवलं?

मला वाटतं तुला लाज वाटली. आईचा उपास सांभाळणारा मुलगा म्हणून त्या लोकांसमोर उभं राहायची लाज. त्या परक्या बाईला सांगताना तुझी जीभ अडली नाही. तिला सांगितलंस की आई हे माझ्यासाठी करते. मला जे ऐकायला चौतीस वर्षं मिळालं नाही ते तिला फुकटात मिळालं. आणि आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, देवासमोर बसून सांगायची वेळ आली तेव्हा माझा आवाज काढलास.

मला सांगायला तू दोनदा आलास, दोन पानं लिहिलीस. त्या अठरा जणांना आजवर एकदाही सांगितलं नाहीस. ती स्कारबरोची बाई अजून तीच गोष्ट सांगत फिरते आहे. माझा जास्तीचा राग हा आहे, आणि तो माझ्याशी बोलून जाणार नाही.

तेव्हा असं कर. पुढच्या मंगळवारी, २६ तारखेला, अंगारकी आहे. एका अंगारकीने वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य मिळतं असं म्हणतात, तेव्हा मी सोडलेली एक त्यात भरून निघेल. मी इथे उपास करणार आहे. तू तिथे त्याच अठरा जणांना संध्याकाळी बोलाव. माधवीला किचनमध्ये उभं करू नकोस. बटाटे तू सोल, तू काप, तू तळ, आधी मंद आचेवर आणि मग कडक तेलात. सगळ्यांच्या हातात पुडे दे, आणि मग उभा राहून जे झालं ते सांग. माझी नक्कल करायची असेल तर कर, मला त्याचं काही नाही. फक्त सगळी कर. 'गप्पा पुरे' सकट कर. आणि 'शी डझ इट फॉर मी' हे तुझ्या स्वतःच्या आवाजात सांग, मराठीत.

मी ३० तारखेच्या विमानाने येते आहे. अस्मिताने तिकीट काढलं. डिंकाचे लाडू, अळीव आणि दुपटी बॅगेत भरली आहेत. ती कुणासाठी होती ते तुला कळलं असेलच, तू काही बुद्दू नाहीस. माधवीला सांग, बाळाची अंघोळ व्हिडिओत बघू नकोस, मी दाखवीन.

विमानतळावर तू येऊ नकोस. उल्हासला पाठव. त्या मुलाला काही लपवता येत नाही, हसू आलं की ताट खाली ठेवतो. तो समोर आला की त्याच्या तोंडाकडे बघून मला कळेल, तू सांगितलंस की नाही. सांगितलं असशील तर बॅग त्याच्या गाडीत ठेवीन. नसशील तर लाडवांचा डबा त्याच्या हाती देऊन तिथूनच मागे फिरेन. संध्याकाळच्या विमानाचं परतीचं तिकीटही काढून ठेवलं आहे.

माधवीला अनेक आशीर्वाद. तुझे माझ्याजवळ राखून ठेवले आहेत.

आई